कोल्हा पोचणार नाही तिथे: दोन ध्रुवीय कुरवांची घरटी

आर्क्टिकमध्ये घरटं कुठे करायचं, हे बरेचदा कोल्हाच ठरवतो. समुद्र गोठला की आर्क्टिक कोल्हा बर्फावरून चालत या बेटावरून त्या बेटावर जातो, आणि उघड्यावरचं अंडं त्याच्या तावडीतून सहसा सुटत नाही. आयव्हरी गल आणि रॉस गल हे उत्तरेकडचे दोन दुर्मीळ कुरव. दोघांचा शत्रू एकच, पण एकाने उजाड खडक धरला आणि दुसऱ्याने दलदल.

आधी आयव्हरी गल. प्रौढ पक्षी नखशिखांत पांढरा. पण पांढरा कुरव दिसला की लगेच वहीत नोंद करू नका, आधी पाय बघा. आयव्हरी गलचे पाय आखूड आणि काळे असतात, चोच निळसर करडी आणि टोकाला पिवळी. रंगद्रव्याच्या अभावामुळे पांढरे पडलेले इतर मोठे कुरवही अधूनमधून दिसतात, पण त्यांचे पाय बहुधा गुलाबी असतात. पहिल्या वर्षाच्या पिल्लाचं तोंड काजळी फासल्यासारखं आणि पंखांवर काळे ठिपके, त्यामुळे ते ओळखणं उलट सोपं.

घरट्याच्या जागा मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक म्हणजे नुनाटाक, हिमनदीच्या बर्फातून वर आलेले खडकाचे सुळके. कॅनडातल्या एल्झमिअर आणि डेव्हन बेटांवर समुद्रापासून बरंच आत अशा कड्यांवर वसाहती आहेत. दुसरी जागा म्हणजे सपाट खडीचं मैदान: उत्तर कॅनडातल्या नुनावुत प्रदेशातलं छोटंसं सीमोर बेट, किंवा बॅफिन बेटाच्या ब्रोडर द्वीपकल्पावरचं चुनखडीचं पठार. तिथे गवताची काडीही जेमतेम उगवते, म्हणून लेमिंग (कोल्ह्याचं आवडतं खाणं असलेले उंदरासारखे छोटे प्राणी) नाहीत, आणि लेमिंग नाहीत म्हणून कोल्ह्याला तिथे फिरकायचं कारण नाही. उजाडपणा हेच या पक्ष्याचं कुंपण.

या कुंपणाची किंमत मोजावी लागते ती अंतरात. खाणं सगळं समुद्रातल्या बर्फाच्या कडेला: पोलर कॉड मासे, बर्फाखालचे बारीक कवचधारी जीव, अस्वलाने मारलेल्या सीलचे उरलेसुरले तुकडे, व्यायलेल्या सीलची वारसुद्धा. सुळक्यावर पिल्लू सुरक्षित, पण प्रत्येक घासासाठी लांबची खेप. बेट खाण्याजवळ, पण भोवतीचा बर्फ उन्हाळ्यात फुटलाच नाही तर कोल्हा किंवा अस्वल चालत येतं आणि वसाहत साफ करतं. उलट बर्फ फार लवकर मागे सरला तर शत्रू अडतो, मात्र खाणंही बर्फाबरोबर दूर जातं. दोन्ही गोष्टी जुळून येणारा उन्हाळा लागतो.

अंडी जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला, एक ते तीन, बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीने साधारण 25 दिवस उबवतात, पुढे पिल्लू उडायला जवळपास पाच आठवडे. म्हणजे एकूण दोन महिने, आणि सप्टेंबरमध्ये तिथे हिवाळा दाराशी आलेला असतो. घरटं मोडलं तर त्या मोसमात नव्याने डाव मांडायला वेळच उरत नाही.

मोजणीतली खरी मेख वेगळीच आहे. अख्खी वसाहत एखाद्या वर्षी जागा सोडून देते, आणि पुढे कधीतरी तिथे पुन्हा घरटी दिसतात. त्यामुळे हेलिकॉप्टरने जाऊन एक रिकामा कडा पाहिला आणि ‘पक्षी संपले’ असं लिहून टाकलं, तर त्या आकड्याला अर्थ नाही. एकाच मोसमात सगळ्या जुन्या जागा आणि आसपासच्या संभाव्य जागाही पाहाव्या लागतात. कॅनडात पक्षी कमी दिसतात हे आधी इनुइट लोकांनी सांगितलं. मग 2002 आणि 2003 मध्ये अशी विस्तृत पाहणी झाली आणि 1980 च्या दशकाच्या तुलनेत सुमारे 80 टक्के घट निघाली. 2006 मध्ये तिथे हा पक्षी संकटग्रस्त ठरवला गेला.

या घटीच्या कारणांमध्ये पाऱ्याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष जातं. वाढत्या पिसांत पारा केराटिनला (पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्याला) चिकटून बसतो आणि तिथेच राहतो, म्हणून संग्रहालयात पिसांसकट जपलेलं पक्ष्याचं जुनं कातडं म्हणजे त्या काळची नोंदवहीच. फक्त एक खबरदारी लागते: जुनी कातडी टिकवायला पाऱ्याचेच क्षार वापरत, म्हणून एकूण पारा मोजला तर आकडा फसवा येतो. मिथाइल पारा, म्हणजे खाण्यातून शरीरात येणारं पाऱ्याचं रूप, वेगळा मोजावा लागतो. कॅनडातल्या संशोधकांनी 1877 ते 2007 मधल्या पिसांत तो मोजला तेव्हा वाढ 45 पट निघाली, आणि समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) पाहता या काळात पक्ष्याचा आहार बदललेला नव्हता. म्हणजे बदललं ते खाण्यातलं पाऱ्याचं प्रमाण. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या आणि रशियातल्या वसाहतींमधल्या अंड्यांची कवचंही 1930 पूर्वीच्या अंड्यांपेक्षा 7 ते 17 टक्के पातळ आढळली आहेत.

रॉस गलची गंमत निराळी. ब्रिटिश ध्रुवीय शोधक जेम्स क्लार्क रॉस याने 1823 मध्ये कॅनडातल्या मेलव्हिल द्वीपकल्पावर हा पक्षी मिळवला, पण मुख्य वसाहती सापडायला 1905 उजाडलं. हा पक्षी बर्फात दिसायचा, त्यामुळे त्याची वीण उत्तरेलाच असणार असं धरलं जात होतं. रशियन पक्षीतज्ज्ञ सर्गेई बुतुर्लिनला ती सापडली दक्षिणेकडे, सायबेरियात कोलिमा नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या चिखलात.

तिथे पाण्याने वेढलेल्या गवताच्या उंचवट्यावर घरटं असतं, बहुधा आर्क्टिक सुरयांच्या (टर्न पक्ष्यांच्या) शेजारी. सुरय भांडखोर, घुसखोराच्या डोक्यावर चोच मारायला कमी करत नाहीत. त्यांची राखण या लहानखुऱ्या कुरवाला फुकटात मिळते. (सुरय तुमच्यावर सूर मारायला लागले असतील, तर तुम्ही आधीच फार आत आला आहात. आल्या पावली मागे फिरा. पालक उठून गेले की अंडी गारठतात आणि स्कुआ हा लुटारू समुद्रपक्षी ती उचलून नेतो.) इथे धोका पाण्याच्या पातळीचा. पूर चढला तर घरटी बुडतात, डबकं आटलं तर कोल्ह्याला वाट मिळते. अंडी बहुधा तीन, हिरवट, तपकिरी ठिपक्यांची. उबवणी साधारण तीन आठवडे आणि पिल्लू उडायलाही जवळपास तेवढेच, कारण उन्हाळी दलदलीत किड्यांची रेलचेल असते.

वीण आटोपली की इतर बहुतेक पक्षी दक्षिणेची वाट धरतात, आणि रॉस गल उत्तरेला बर्फाकडे निघतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अलास्कातल्या पॉइंट बॅरोवरून हजारोंच्या संख्येने हे पक्षी पूर्वेकडे जाताना दिसतात.