कुंभार्लीच्या घाटात मी पुढे का आलो नाही

दर गणपतीत हा प्रश्न येतोच. आरती होते, प्रसाद वाटून होतो, मुंबईची मंडळी ओटीवर टेकतात आणि कोणीतरी काढतंच, "काय रे, त्या सायकल शर्यतीत अख्खा घाट आतेभावाच्या चाकामागे राहिलास आणि माथ्यावर त्यालाच हरवलंस ना?" हल्ली सकाळी चिपळुणातून सायकली घेऊन निघणारी पोरंही विचारतात. त्यांच्या विचारण्यात कौतुक असतं, ते मला जास्त लागतं. वीसेक वर्षं मी विषय बदलत आलो. यंदा तुम्ही समोर बसवून विचारलंत, म्हणून लिहितो.

आधी तुमचा आरोप. दुसऱ्याच्या चाकामागे बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. सपाटीवर ताशी चाळीसच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. वीतभर अंतर ठेवून मागे राहिलं तर जवळजवळ तिसरा हिस्सा मेहनत वाचते, म्हणून तर सगळे आळीपाळीने पुढे येतात. चिपळूण सोडल्यापासून पोफळीपर्यंत मी माझी एकही पाळी चुकवली नव्हती. घाट लागला की वेग बारा-पंधरावर येतो, भांडण हवेशी उरत नाही, स्वतःच्या वजनाशी असतं. तिथे मागे बसून फार काही वाचत नाही. 'त्याच्या आडोशाने जिंकलास' हे म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे आणि ते मी कधीच मान्य करणार नाही.

मग मागे का बसलो? कारण मागच्याला पुढच्याचं सगळं दिसतं. खांदे हलायला लागले, उभं राहून पॅडल मारायच्या खेपा वाढल्या, गिअर टाकताना हात चुकला, सगळं कळतं. पुढच्याला मागच्याचा फक्त श्वास ऐकू येतो. श्वास खोटा काढता येतो.

डिसेंबर २००३ मधली गोष्ट. पोफळीनंतर आम्ही दोघंच पुढे उरलो होतो, बाकीचे खालच्या वळणांवर. पहिल्या नंबराला पुण्यातल्या एका संघात चाचणीसाठी बोलावणार होते, दुसऱ्याला नाही. आम्ही दोघं एकाच रस्त्यावर, बऱ्याचदा एकाच सायकलवर शिकलेलो. चढाला तो माझ्यापेक्षा चांगला होता. लांब चढावर एकच लय धरून माणूस मागे टाकायची त्याची पद्धत, माझ्याकडे फक्त शेवटचा एक झटका होता. तो राखायचा तर मधली लय मोडायला हवी होती.

त्याने मान वळवून विचारलं, "जरा ओढतोस का रे? मागून येतील."

मी म्हटलं, "माझं संपलंय रे. तू हो पुढे."

माझं काहीच संपलं नव्हतं. मी तोंड उघडं टाकलं, मान खाली घातली, मुद्दाम थोडा डुलत चालवायला लागलो. त्याने लय कमी केली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तो मला सोडून जाऊ शकत होता, पण गेला नाही. माझ्यासाठी हळू झाला.

पुढच्या वळणावर आत्या उभी होती. लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची एकच बाटली होती तिच्याकडे. सकाळी एसटीने येऊन उन्हात थांबलेली. पहिला तिचा मुलगा आला, त्याने हात पुढे केला. तिने त्याच्या पाठीमागे मला बघितलं आणि त्याला ओलांडून माझ्याकडे धावली. "घे रे बाबा, घे, जीव जाईल तुझा." साडी सावरत ती माझ्याबरोबर दहा-बारा पावलं पळाली. मी बाटली घेतली. दोन घोट प्यायलो आणि सायकलला अडकवली.

माथा तीनेकशे मीटरवर असताना मी उजवीकडून उठलो. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पाठलाग केला, पण त्याची लय मोडली होती आणि घसा कोरडा होता. मी सहज जिंकलो. वर तो जवळ आला, माझ्या सायकलची ती बाटली काढली. जवळजवळ भरलेलीच होती. त्याने बाटलीकडे बघितलं, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामी बाटली जागच्या जागी लावून ठेवली. काही बोलला नाही.

तेव्हाच्या मला विचारा, त्याच्याकडे उत्तर तयार होतं. २००१ ची टूर द फ्रान्स, फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची सायकल शर्यत. आल्प द्युएझ या घाटाच्या दिवशी अमेरिकेचा आर्मस्ट्राँग आधीच्या चढांवर थकल्याचं सोंग करत घोळक्याच्या शेपटाला राहिला. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी उलरिक, त्याच्या संघाने संधी समजून जीव काढून वेग ठेवला. मग शेवटच्या चढावर आर्मस्ट्राँगने मागे वळून उलरिककडे बघितलं आणि निघून गेला. त्या दिवसाचा टप्पा जवळजवळ दोन मिनिटांनी जिंकला. ते मला त्या वयात शहाणपण वाटलं होतं. २०१२ मध्ये उत्तेजकांमुळे त्याची सगळी टूर विजेतेपदं काढून घेतली, पण सोंग हे त्यातलं कारण नव्हतं. सोंग नियमात बसतं. १९६४ च्या टूरमध्ये पुय द दोमच्या चढावर आघाडीवरच्या आंकतीलने उलटं केलं. पायातलं बळ संपलेलं असूनही तो प्रतिस्पर्धी पुलिदोरच्या मागे न जाता खांद्याला खांदा लावून चढत राहिला, पुलिदोरला खरं कळू नये म्हणून. शेवटी मागे पडला, तरी १४ सेकंदांनी पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेतली आघाडी, राखली. तेव्हाचा मी म्हणतो: ते चालतं, तर माझं का नाही?

मी त्याला सांगतो, पुलिदोर आंकतीलची वाट बघत हळू झाला नव्हता.

तो म्हणतो, मग तुझ्या भावाने व्हायला नको होतं, शर्यत होती. याला माझ्याकडे उत्तर नाही. कधी वाटतं, त्याचंच बरोबर आहे.

२०११ च्या जुलैत पाऊस धो धो, लाइट जात-येत होती आणि मी टीव्हीवर टूरमधला गालिबिये घाटाचा टप्पा बघत होतो. अँडी श्लेकने त्याआधीच्या इझोआर घाटावर, अजून साठेक किलोमीटर असताना, सगळ्यांना सोडलं. चार मिनिटांची आघाडी झाली. मागे कॅडेल इव्हान्स जवळपास एकटा घोळका ओढत होता आणि बाकीचे त्याच्या मागे. त्यात पिवळी जर्सीवाला व्होक्लेर होता, तोंड वेडंवाकडं करत कसाबसा टिकून. तो खरोखर संपत आला होता, तरी १५ सेकंदांनी जर्सी त्याच्याकडेच राहिली. इव्हान्स ओढत राहिला, आणि पॅरिसमध्ये टूर त्यानेच जिंकली. मला पुढचं बघवेना. व्होक्लेरचं ते तोंड मी कुंभार्लीत करून दाखवलं होतं.

पुण्यात मी चार वर्षं चालवली, बहुतेक दुसऱ्यांसाठी वारा अडवत. भावाने पुढच्या पावसाळ्याआधी सायकल विकली, वडापची गाडी घेतली, आता दोन टेम्पो आहेत. त्याचं बरं चाललंय हे मी फार वर्षं स्वतःला सांगितलं. चढाला तो माझ्यापेक्षा चांगला होता, हेही तेवढंच खरं.

तुम्ही सगळे विचारता, तो कधीच विचारत नाही. गणपतीत तुमचं सुरू झालं की आत्या मध्ये पडते. "गप्प बसा रे, त्याची अवस्था मी डोळ्यांनी बघितलीय, जीव चालला होता त्याचा." तेव्हा तो उठून आत जातो आणि सगळ्यांसाठी पाण्याचे तांबे भरून आणतो. आत्याचे डोळे आता अधू झालेत, तिला हे कोणीतरी वाचून दाखवेल. तोच दाखवेल बहुतेक.