एका स्तोत्राला आठवडा: रोजच्या मननाचा माझा अनुभव

बायबलातल्या स्तोत्र १३१ मध्ये वचनं तीनच. सावकाश, मोठ्याने वाचलं तरी अर्ध्या मिनिटात संपतं. त्याला मी पूर्ण आठवडा देते. रोजचं मनन टिकायला लागलं ते हा हिशोब उलटा केल्यावर: मजकूर कमी, दिवस जास्त. रोज नवा अध्याय घेतला की सकाळी काय वाचलं ते दुपारच्या जेवणापर्यंतही आठवत नाही.

सगळं बायबल १,१८९ अध्यायांचं. वर्षात पुरं करायचं तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. ते वाचन हवंच, नाहीतर कुठलं वचन कुठल्या प्रसंगात आलंय याचा पत्ता लागत नाही. पण मी ते रात्री करते. सकाळच्या अर्ध्या तासात दोन्ही कोंबलं की वाचन पुढे पळतं आणि मनन उपाशी राहतं.

मनन म्हणजे गप्प बसून विचार करणं, ही समजूतही सोडावी लागली. पहिल्या स्तोत्रात धन्य माणूस रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो. तिथलं मूळ हिब्रू क्रियापद तोंडाने आवाज करण्याचं आहे: पुटपुटणं, गुणगुणणं. यशया ३१:४ मध्ये हेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला लावलंय, आणि ३८:१४ मध्ये घुमणाऱ्या पारव्याला. म्हणजे ओठ हलायला हवेत. गोव्यात हे काही नवं नव्हे. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं ते मराठी ओव्यांत. आणि ओवी म्हणायची असते, नुसती डोळ्यांखालून घालायची नसते.

सुरुवातीला काय घ्यावं, तर १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं. यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची ही गाणी असं मानतात; आपल्या वारीतले अभंग आठवावेत. १३२ सोडलं तर यातलं एकही नऊ वचनांच्या वर जात नाही. पुढे मत्तय ६:२५ ते ३४ घ्यावं, 'चिंता करू नका' हा भाग, मग मार्क ४:३५ ते ४१, वादळाचा प्रसंग. एक सावधगिरी मात्र हवी. गोव्यात कुणाच्या घरी जुनं लॅटिन किंवा पोर्तुगीज प्रार्थनापुस्तक असेल, तर त्यात स्तोत्रांचे आकडे बहुधा एकाने मागे असतात. आपलं २३ तिथे २२. लॅटिन परंपरेत नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र मोजलंय, म्हणून हा फरक पडतो.

खुर्ची ठरलेली, वेळ ठरलेली. वचनाला पेन्सिलीने खूण आदल्या रात्रीच करून ठेवायची, कारण सकाळी 'आज कुठलं घ्यावं' यातच पाच मिनिटं जातात. पेन्सिलच, जेल पेन नको. बायबलचा कागद इतका पातळ असतो की शाई मागच्या पानावर उतरते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. 'त्यातच बायबल आहे' ही सबब मी स्वतःला पुरेशी देऊन पाहिली आहे.

बसण्याआधी खुर्चीपासून पाऊलभर अलीकडे उभी राहते. संत इग्नेशियस लोयोलाच्या साधनापुस्तकात ही सूचना आहे: एक 'आमच्या बापा' म्हणायला लागतो तेवढा वेळ उभं राहून, देव माझ्याकडे पाहतो आहे हे मनात आणायचं. वाचताना क्षुल्लक वाटते, पण ही पायरी गाळली की पहिली दहा मिनिटं बाजारहाटाच्या यादीत जातात.

मग तीनदा वाचन, तिन्ही वेळा आवाजात. पहिल्यांदा नुसतं कानावर घेण्यासाठी. दुसऱ्यांदा कोण बोलतंय, कोणाशी, कशावरून, एवढंच पाहायचं. तिसऱ्यांदा जिथे अडेल तिथे थांबायचं आणि पुढे जायचंच नाही. तो शब्द किंवा ते अर्धं वाक्य दहा मिनिटं तोंडात घोळवायचं. त्यातून जे सुचेल ते देवाशी बोलायचं, पाच मिनिटं. शेवटी गप्प बसायचं. बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या मठवासीने याच चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि देवापुढे नुसतं असणं. चौथी पायरी माझ्या हातात नाही. कधी मिनिटभर मिळते, कधी नाही. पोदेराचा भोंगा वळणावर वाजला की पाव घ्यायला उठायचं आणि परत येऊन वहीत दोन ओळी लिहायच्या. कुठे अडलं, आणि मन कुठे भरकटलं. दुसरी ओळ जास्त उपयोगाची.

स्तोत्र १३१ मध्ये मी अडते ती दुसऱ्या वचनावर. जीव शांत केला आहे, आईजवळच्या दूध तोडलेल्या मुलासारखा, असं ते म्हणतं. घाईने वाचलं तर डोळ्यांपुढे अंगावर पिणारं तान्हं येतं आणि सगळं वचन चुकतं. पिणारं मूल आईजवळ असतं ते दुधासाठी. वास आला की मुंडी घुसळतं, नाही मिळालं की रडतं. दूध तुटलेलं मूल ती सगळी रडारड करून पार झालेलं आहे. आता ते मांडीवर बसतं ते आई आहे म्हणून. मूल लगेच शांत होत नाही, हेही त्या उपमेत आहे. सोमवारी हे नुसतं कळतं. बुधवार-गुरुवारी प्रार्थनेत आपणच मुंडी घुसळतोय हे दिसायला लागतं. आठवडा द्यायचा तो यासाठी.

मराठी बायबलात विश्वासून राहण्याला 'भाव ठेवणे' म्हटलंय. रविवारी चर्चमध्ये कोंकणी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, कानावर 'भावार्थ' पडतो, तिथे त्याचा अर्थ श्रद्धा. आणि 'भरवंसो' म्हणजे आशा. मराठी माणसाला भावार्थ म्हणजे सारांश वाटतो, पण मूळ 'भाव' दोन्हीकडे तोच. माझ्या उपयोगाचं त्यातलं क्रियापद आहे. भाव वाटायचा नसतो, ठेवायचा असतो. ठेवायचं म्हटलं की काय ठेवलं हे सांगता यायला हवं.

त्यासाठी वहीत मागच्या बाजूने दोन रकाने आखले आहेत. चिंता एका ओळीत, नेमकी लिहायची. 'भविष्याचं कसं होणार' असं लिहून काहीच ठेवता येत नाही. 'गुरुवारी रिपोर्ट येणार' असं लिहिलं की येतं. डाव्या रकान्यात आज मी करायचं काम: फोन लावणं, पैसे भरणं, डॉक्टरांची वेळ घेणं. उजव्यात जे माझ्या हातात नाही ते. प्रार्थना उजव्या रकान्याची, आणि डाव्यातलं काम त्याच दिवशी करायचं. डावा रकाना गाळून सगळंच देवावर सोपवलं की त्याला भाव म्हणत नाहीत. मत्तय ४:६ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या टोकावरून उडी टाकायला सांगतो, आणि आधाराला वचन देतो ते स्तोत्र ९१ मधलंच.

चुकतं कुठे? सगळ्यात जास्त, बायबल कुठेही उघडून बोट ठेवण्यात. लॉटरीच ती. यिर्मया २९:११, म्हणजे 'तुमच्या हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत' हे देवाचं वचन, भिंतीवर टांगायला सगळ्यांना आवडतं, पण ते पत्र बाबेलला नेलेल्या बंदिवानांना आहे आणि आधीच्याच वचनात सत्तर वर्षं लिहिली आहेत. फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तसंच, 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो': प्रेषित पौल तिथे भूक आणि तृप्ती दोन्हींत राहायला शिकलो म्हणतो, यशाची हमी देत नाही. दुसरी चूक म्हणजे वचन दुसऱ्याला लावत बसणं; 'हे अमक्याने ऐकायला हवं' असं मनात आलं की मनन संपून प्रवचन सुरू झालं. आणि दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. तिसऱ्या दिवशी तेही सुटतं.

प्रसंगाचं वचन असेल तर जागा डोळ्यांपुढे उभी करायची, हीही इग्नेशियसची रीत. मार्कच्या चौथ्या अध्यायातल्या वादळासाठी जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरी पावसाळ्यात बरी पडते: गढूळ पाणी, डिझेलचा वास, ओल्या रेनकोटांची गर्दी. गालील समुद्र हा नव्हे, पण होडी हलते म्हणजे काय ते पायांना कळतं. मग ३८ व्या वचनातली उशी दिसते. येशू होडीच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपलाय, आणि शिष्यांची तक्रार पाण्याबद्दल नाहीच. तुम्हाला आमची काळजी नाही का, अशी आहे. माझ्या वहीच्या उजव्या रकान्यातल्या बऱ्याच ओळींचा सूर तोच असतो.

काही आठवडे कोरडे जातात. तेव्हा इग्नेशियसचा सल्ला उलटा वाटतो, पण लागू पडतो: उदास काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, आणि ठरल्या वेळेपेक्षा थोडंसं जास्तच बसायचं. स्तोत्र तेराव्यावर जावं. सहाच वचनं, त्यात 'किती काळ' हा प्रश्न चार वेळा. पाचव्या वचनात सूर बदलतो. बदलायचा नसेल तर ८८ आहे, ते अंधारातच संपतं आणि तरीही प्रार्थना म्हणून बायबलात ठेवलंय. झोप आणि भूकच गेली असेल तर मात्र डॉक्टरकडे जावं, त्यात श्रद्धेचा पराभव नाही. १ राजे १९ मध्ये मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत दोनदा उठवून खायला घालतो, मधे तो पुन्हा झोपतो, आणि देवाचा प्रश्न येतो तो त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर.

पाठांतर बसमध्ये होतं. आठवड्याचं वचन एका चिठ्ठीवर लिहून तिकिटाच्या कप्प्यात ठेवते. फोंड्याहून पणजीपर्यंत कदंबात पुटपुटलं तर कुणी वळूनही पाहत नाही, सगळे आपापल्या फोनवर बोलत असतात. शनिवारपर्यंत चिठ्ठी न काढता म्हणता यायला हवं.

जूनपासून दमटपणाने पानं फुगतात, कडांना कसर लागते. बायबल भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, आणि अधूनमधून उघडून पंख्याखाली धरायचं.

शनिवारी रात्री पेन्सिलीची खूण पुढे सरकते. १३१ नंतर १३२. अठरा वचनं आहेत, त्याला तीन आठवडे.