फोर्ट स्टीव्हन्समध्ये आरव्ही लावताना

आमच्या आरव्हीचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, आजचा मुक्काम अमेरिकेतल्या ओरेगनच्या फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्कमध्ये. सिट्का स्प्रूसची गर्द झाडी, पलीकडे किनाऱ्यावर १९०६ साली रुतलेल्या पीटर आयरडेल जहाजाचा गंजका सांगाडा. फोटो नंतर, आधी कामाचं.

दाट सावलीत सोलर पॅनल जवळजवळ निकामी, तेव्हा वीज असलेलीच जागा घ्या. ३० अँपियर, १२० व्होल्ट म्हणजे जेमतेम ३,६०० वॅट. १,५०० वॅटचा हीटर चालू असताना मायक्रोवेव्ह आणि गीझर लावलात की ब्रेकर पडलाच!

ड्रेनेजची जोडणी असली तरी ब्लॅक टँकचा (शौचालयाच्या मैल्याच्या टाकीचा) व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, घट्ट ऐवज तळाशी वाळून बसतो आणि मग तो खरवडायला कोणी येत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, त्यानंतर ग्रे टँक (बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी) सोडा. साबणाच्या पाण्याने पाइपही धुतला जातो.

रात्री काचांना आतून पाणी सुटतं. शेगडी पेटवली की आणखीच, कारण गॅस जळताना वाफ तयार होते. छताचं व्हेंट बोटभर उघडं ठेवा. आणि निघताना स्लाइड-आउटच्या (गाडीच्या बाजूने बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या) माथ्यावरची काटकी-पाचोळा झाडूनच ती आत घ्या, नाहीतर रबरी सील फाटतं.