चोवीस लेकरं, चोवीस खांब

एप्रिलपासून आमच्या मेन स्ट्रीटवरच्या विजेच्या खांबांना बॅनर लागलेत. लेकीच्या शाळेतल्या बारावीच्या वर्गातलं एका खांबावर एक लेकरू, खाली नाव आणि ग्रॅज्युएशनचं (इथं बारावी पास होण्यालाही तेच म्हणतात) वर्ष, बस्स. मार्क नाहीत, रँक नाही, आडनावाच्या क्रमानं चोवीसच्या चोवीस. मी लातूरची आहे, रिझल्ट लागला की ट्युशन एरियात फ्लेक्सवर कुणाचे फोटो येतात ते मला माहितीय. कुणाचे येत नाहीत तेही.

परवा नात्यातल्या एका काकूंचा फोन आला. लेकीचं कौतुक केलं आणि मग म्हणाल्या, "चोवीसच पोरं वर्गात? आपल्या झेडपीच्या शाळेत याहून जास्त असतील की गं. अमेरिकेत जाऊन पोरीला खेड्यातच शिकवलंस होय." मोठ्या आहेत, मी काही बोलले नाही, पण ते डोक्यातून जाईना, म्हणून त्या चोवीसांतल्या काहींबद्दल लिहिते. नावं लिहीत नाही, लोकांची लेकरं आहेत.

आम्ही नेब्रास्कात, प्लॅट नदीच्या काठाला. यांची नोकरी इथल्या हॉस्पिटलात.

आधी शेजारचा उंच पोरगा. बोलणं अगदी कमी, पण बर्फ पडला की आम्ही उठायच्या आत आमच्या दारातला बर्फ काढलेला असायचा, पैसे दिले तर घ्यायचा नाही, शेंगदाण्याची चटणी दिली तर मात्र डबा धुऊन परत आणायचा आणि थोडा वेळ तिथंच उभा राहायचा, म्हणजे अजून द्या. ग्रॅज्युएशन शाळेच्या जिममध्येच असतं, सगळं गाव येतं, प्रत्येक मुलाचं नाव घेतात आणि पुढे काय करणार ते वाचून दाखवतात. आमच्या लेकीच्या वेळी "बायोकेमिस्ट्री, लिंकन" म्हणाले, म्हणजे लिंकनच्या युनिव्हर्सिटीत, टाळ्या पडल्या. त्याच्या वेळी "नॉरफोकच्या कम्युनिटी कॉलेजात लाईनमनचा कोर्स" म्हणाले आणि तेवढ्याच टाळ्या. तेवढ्याच म्हणजे खरंच तेवढ्याच, मी कान देऊन ऐकत होते, त्याचे आजोबा तर उभे राहिले. विजेच्या खांबावर चढायचं शिकायला चाललाय पोरगा आणि त्याच्या आईच्या तोंडावर जरा सुद्धा "काय करणार, मार्क कमी पडले" असं नव्हतं, उलट ती शेजारणीला सांगत होती की तिथं ॲडमिशन मिळणं सोपं नाही. नेब्रास्का हे अमेरिकेतलं एकच राज्य जिथं घराघरात येणारी सगळी वीज सार्वजनिक मालकीच्या संस्था पुरवतात, कुठल्या प्रायव्हेट कंपनीची नाही. तारांवर बर्फ गोठून लाईट जाते तेव्हा त्या थंडीत वर कोण चढतं हे इथल्या पोराटोरांना माहितीय. आपल्याकडेही वादळात वायरमन चढतोच की, जिवावर उदार होऊन चढतो, पण त्याच्या पोराला आपण विचारतो, तू तरी इंजिनियर होणार ना.

लगेच कुणी मला म्हणायला नको की आपल्या लोकांना नावं ठेवते. लातूर पॅटर्न नसता तर माझा भाऊ डॉक्टर झाला नसता, वडिलांच्या पगारात दुसरा कुठला रस्ता नव्हता. आणि इथंही सगळं गोड नाही, कॉलेजच्या फीपायी लोक वर्षानुवर्षं कर्ज फेडतात. पण टाळ्यांचं जे सांगितलं ते खरं आहे.

दुसरा, गाईवाल्यांचा. चौदाव्या वर्षापासून स्कूल परमिटवर, म्हणजे शाळेत जाण्यापुरत्या लायसन्सवर, स्वतः पिकअप चालवत शाळेत येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हा वर्गात डुलक्या घेणार, कारण पहिलारू गाई रात्री वितात आणि रात्रीची पाळी याची. एफएफएचं, म्हणजे शेती शिकणाऱ्या शाळकरी पोरांच्या संघटनेचं, निळं कॉर्डुरॉय जॅकेट, पाठीवर सोनेरी अक्षरांत नेब्रास्का, ते तो लग्नाच्या शेरवानीसारखं जपतो. त्यांच्या मक्याला पिव्होटनं पाणी, म्हणजे शेताच्या मधोमध एक टोक रोवलेला चाकांवरचा लांब पाईप. 160 एकराच्या चौकोनात तो पाईप गोल फिरतो आणि साधारण 130 एकर भिजवतो. कोपऱ्यांचं काय, असं मी विचारलं तर त्यानं अर्धा तास वहीवर चित्रं काढून समजावलं. तो कर्टिसच्या शेती कॉलेजात चाललाय, दोन वर्षांत परत येणार म्हणतो.

ग्वाटेमालाच्या घरातली एक मुलगी आहे, आईवडील मीट प्लांटमध्ये. शाळा सुटली की नर्सिंग होममध्ये नर्स असिस्टंटचं काम करते, शिवाय आईला दवाखान्यात नेऊन इंग्रजी-स्पॅनिश हीच करणार. घरातली पहिली ग्रॅज्युएट. स्टेजवर तिचं नाव घेतल्यावर मागच्या रांगेतले तिचे काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कर्नीला नर्सिंग करणार. ही लेकीची जिवाभावाची मैत्रीण, आणि माझ्या अनुभवानं सांगते, एवढी शहाणी पोर कुठल्याही शहरात मिळाली नसती.

जुळ्या दोघी व्हॉलीबॉलवाल्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये लिंकनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये कॉलेजच्या मुलींची मॅच बघायला 92,003 लोक आले होते, त्यात या दोघी. पुढं एकीचा गुडघा गेला. तर तिनं बहिणीच्या मॅचची कॉमेंट्री सुरू केली, मोबाईल स्टँडवर लावून, आणि नर्सिंग होममधले आजी-आजोबा ती टीव्हीवर ऐकायचे. लावून कोण द्यायचं? वरचीच ती ग्वाटेमालाची.

बाकीच्यांत एक नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात, जातोय, दोघं वडिलांच्या गॅरेजमध्ये, एकीला बेकरी काढायचीय. एकजण अजून ठरवतोय आणि तेही तसंच वाचून दाखवलं, "अजून ठरवतोय". त्यालाही टाळ्या.

ओमाहासारख्या मोठ्या शहरात गेलो असतो तर मराठी मंडळ मिळालं असतं, एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय ऑनलाइन घ्यावे लागले नसते, सगळं मान्य. तरी मला हीच शाळा पुन्हा चालेल.

जुलैत यातली बरीचशी पोरं मक्याचे तुरे काढायला जातील, बियाण्याच्या प्लॉटवर मादी ओळींचे तुरे उपटायचे असतात, जालन्याकडच्या लोकांना सांगायला नको. पहाटे बस येते, पानं दवानं चिंब असतात आणि हात-मान कापून निघते. लेकीनंही नाव दिलंय. मी फुल बाह्यांचे दोन जुने शर्ट काढून ठेवलेत आणि शेजारचा म्हणालाय, त्यावर कचऱ्याची प्लास्टिकची पिशवी घालायची, गळ्याला भोक पाडून, रेनकोटपेक्षा तीच चांगली.