कऱ्हेचे दोन काठ

नदीचे खोलीकरण करण्यापूर्वी काठावरच्या विहिरींची पाणीपातळी पात्राशी ताडून पाहावी, हा माझा जुना आग्रह आहे. नाझरे धरण आणि मोरगाव यांच्या दरम्यानच्या एका गावात तो खरा ठरला, तरी तिथल्या न्यायाचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

कऱ्हा पुरंदरमध्ये गराड्याच्या बाजूला उगम पावते, सासवडवरून जेजुरीजवळ नाझरे धरणात अडते आणि पुढे मोरगाव, बारामती करत सोनगावला निरेस मिळते. हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख असल्याने धरणाखालचे पात्र वर्षातला बराच काळ कोरडे असते. पोकलेन लावून पात्र खोल केले की पाणी साठेल, असे गावाला वाटले यात नवल नाही.

पावसाळा सरल्यावर मी विहिरी मोजल्या. वजन बांधलेला टेप कोणीही सोडू शकतो. पण प्रत्येक विहिरीच्या कठड्याची उंची लेव्हलिंग करून, म्हणजे उंचीतला फरक उपकरणाने मोजून, एकाच बेंचमार्कशी (उंचीच्या ठरावीक खुणेशी) जोडल्याशिवाय मोजमापांना अर्थ येत नाही, आणि ही पायरी गाळून लिहिलेले अहवाल मी फार पाहिले आहेत. डाव्या काठावरच्या विहिरींचे पाणी डोहातल्या पाण्याहून जवळजवळ दोन मीटर वर निघाले, म्हणजे तिथे विहिरींचा पाझरच नदीला पोसत होता. एक वयस्कर शेतकरी मला दरडीखाली घेऊन गेले. तिथे मांजऱ्या खडक उघडा पडला होता, त्याची भोके पांढऱ्या खनिजांनी भरलेली होती आणि फटीतून करंगळीएवढी धार पात्रात उतरत होती. "साहेब, हे माझ्या विहिरीचं पाणी आहे. खाली खोदलंत तर विहीर राहायची नाही," ते म्हणाले. उजवीकडे सगळा काळा पाषाण, म्हणजे पाणी फारसे न धरणारा घट्ट खडक. तिथल्या विहिरी संक्रांतीलाच तळ गाठत.

डाव्या काठालगतचा पट्टा सोडून द्यावा, असे मी लेखी कळवले. परंतु खोदाईचे देयक घनमीटरवर निघते, आणि सोडून दिलेल्या पट्ट्याचे देयक निघत नाही. उन्हाळ्यात सबंध पात्र खोदले गेले.

पुढच्या वर्षी डोह तुडुंब भरला, उजव्या काठावर मोटारी बसल्या आणि डाळिंबाच्या बागा तगल्या. डावीकडच्या ज्या विहिरी पूर्वी अक्षय्य तृतीयेपर्यंत पुरत, त्या होळीलाच आटल्या. गावातील बहुसंख्यांची जमीन उजवीकडे असल्याने ग्रामसभेत काम यशस्वी ठरले. त्या बाबांनी मला एवढेच विचारले, "पाणी वाढलं, की इकडचं तिकडं गेलं?"

डोहातले किती पाणी पावसाचे आणि किती त्यांच्या विहिरींचे, हे सांगायला डोह आणि विहिरी यांच्या एकाच वेळी घेतलेल्या नोंदी लागतात. अशा नोंदींना मंजुरी मिळाली नाही, म्हणून त्या आता मीच घेतो आहे. मोटारी चालू असताना पातळी स्थिर नसते. त्यामुळे शेतीची वीज जाऊन काही तास उलटले की मोजायला जावे लागते, आणि ती वेळ दर आठवड्याला बदलते.