एका कपासाठी आसनसोल

पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने हावडा आणि तिथून गाडी बदलून पुढे साधारण दोनशे किलोमीटरवर आसनसोल. एवढी यातायात एका जुन्या सायकलच्या बीबीच्या, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या कपासाठी. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, ज्या अ‍ॅक्सलवर फिरतात, त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या आणि आत छर्रे घेऊन बसणाऱ्या पोलादी वाट्या म्हणजे हे कप. डब्यातल्या सहप्रवाशांना हे सांगितल्यावर वरच्या बर्थवरच्या आजोबांनी विचारलं, "पुण्यात मिळत नाही?" कप मिळतो, हव्या त्या आट्यांचा मिळत नाही.

सायकल सासवडजवळच्या एका वाड्यातून आलेली. रंग कितीदा चढवला असेल देव जाणे आणि पुढचा बिल्ला गायब. विकणारा म्हणाला होता, "हिरो असेल." जुनी सायकल ओळखताना रंग आणि स्टिकरवर अजिबात भरवसा ठेवू नये. आधी चेनव्हील, म्हणजे पेडलपाशी चेन ओढणारं दातेरी चाक बघावं. या सायकलच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याच्या डोक्यांचे आकार कापलेले होते, म्हणजे इंग्लंडच्या रॅले कंपनीची. पंजा असता तर रज, धावणारी माणसं असती तर हंबर, याही इंग्लंडच्याच कंपन्या. अर्थात रॅलेने हंबर १९३२ मध्ये आणि रज १९४३ मध्ये घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या या तिन्ही सायकली एकाच घरच्या. पण चेनव्हील बदलता येतं. म्हणून मग पुढचं चाक धरणारा चिमटा बघायचा. रॅलेच्या रोडस्टरला चिमट्याच्या माथ्यावर आडवी नळी आणि तिच्या दोन्ही टोकांना चकचकीत टोप्या असतात. रंग खरवडल्यावर त्या टोप्या निघाल्या तेव्हा मी अंगणात अक्षरशः ओरडलो.

मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गियरचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा. एडब्ल्यू ही मॉडेलची अक्षरं आणि खाली ५२ आणि ७. म्हणजे हा हब जुलै १९५२ मध्ये तयार झाला. मागे ४० तारा, पुढे ३२. हबवरची तारीख ही हबचीच तारीख असते, चाक कुणी नंतर घातलं असेल तर फ्रेमचं वय वेगळं निघू शकतं. पण चिमटा, चेनव्हील आणि हब तिघेही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

टायरची चिंता नव्हती. अठ्ठावीस-दीडचा, म्हणजे ६३५ मिलिमीटरच्या रिमचा टायर आपल्याकडे तालुक्याच्या गावी मिळतो. इंग्लंड-अमेरिकेतले शौकीन याच मापाचे भारतीय टायर शोधत असतात, याचा मला फार अभिमान वाटतो. रॉड ब्रेकचे सांधे, क्लिपा, कॉटर पिना, सगळं मिळतं. अडलं ते कपाशी. इतर बहुतेक इंग्रजी कंपन्या २४ आट्यांचे कप वापरत असताना रॅलेने २६ आट्यांचे वापरले, म्हणजे एका इंचात २६ फेरे. व्यास जवळपास सारखाच. त्यामुळे २४ चा कप एखाद-दुसरा फेरा छान आत जातो आणि मग अडतो.

पुण्यातल्या एका दुकानात मला सांगितलं, "आटे मारून देतो, नवा कप बसेल." मी सायकल उचलली आणि बाहेर पडलो. सत्तर वर्षं टिकलेल्या फ्रेमवर नवे आटे मारायचे म्हणजे जुने कापून काढायचे. एकदा ते गेले की परत येत नाहीत. याहून वाईट म्हणजे हल्ली हॉटेलांच्या भिंतींवर सोनेरी रंग दिलेल्या अर्ध्या कापलेल्या सायकली टांगतात. त्या बघितल्या की जेवण जात नाही मला. त्यातला बगळा दिसला तर अजिबातच नाही.

आसनसोल यासाठी की इथल्या कन्यापूरला सेन-रॅलेचा कारखाना होता. पन्नाशीच्या दशकापासून नॉटिंगहॅमच्या रॅलेबरोबरच्या भागीदारीत इथे सायकली बनायच्या. पुढे सरकारने तो ताब्यात घेऊन सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया केलं आणि शेवटी तो बंद पडला. कारखाना गेला तरी रस्त्याचं नाव सेनरॅले रोडच आहे. टोटोवाल्याला, म्हणजे ई-रिक्षावाल्याला, एवढंच सांगितलं, पुढचं काहीच सांगावं लागलं नाही.

बाजारातल्या दुकानांत दिवस गेला आणि हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एका गल्लीतल्या मिस्त्रीकडे पोचलो. वय सत्तरीच्या पुढे, वडील कारखान्यात होते. त्यांनी "किती पाहिजेत, किती देणार" असलं काही विचारलं नाही. "दादा, पुराना कप लाए हैं?" मी खिशातला तडकलेला कप काढून दिला. त्यांनी तो रॉकेलमध्ये बुडवला, दात घासायच्या ब्रशने आट्यांतली माती काढली आणि उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसले. समोर पत्र्याचा डबा. त्यात ग्रीस लावून बंगाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले कप. एकेक उघडायचा, माझ्या कपाला आट्यात आटे घालून टेकवायचा आणि डोळ्यासमोर धरायचा. पहिल्या जोडीत आट्यांमधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. "चौबीस," म्हणाले आणि बाजूला ठेवला. दुसराही चौबीस. मग एक कप टेकवला आणि उजेड बंद झाला. आटे एकमेकांत असे बसले की दोन कप हातात एकच वाटत होते. त्यांनी काही न बोलता ती जोडी माझ्या हातात दिली. कपाच्या कडेवर मेड इन इंग्लंड.

त्यांच्या सूनबाईंनी मुढी आणि घुगनी, म्हणजे कुरमुरे आणि वाटाण्याची उसळ, आणून ठेवली, मोहरीच्या तेलाच्या वासाची. इतकं साधं आणि इतकं आग्रहाचं खाणं मला पंचतारांकित जागेत कधी मिळालेलं नाही.

दोन्ही बाजूंचे कप त्यांनी साठ रुपयांना दिले. मी पाचशेची नोट पुढे केली तर रागावले. "चलाएंगे ना? शोकेस में तो नहीं रखेंगे?" चालवणार म्हटल्यावर त्यांनी साठच घेतले आणि वर बजावलं की चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, ताकद लावायची नाही, बोटांनी फिरला पाहिजे.

परतीच्या वाटेवर कोलकात्यात बेंटिंक स्ट्रीटवर फिरलो. गर्दी प्रचंड, दुकानदार घाईत, जुन्या मालाला कुणी विचारत नव्हतं. बिल्ला मात्र एकाने दाखवला, नवा छापलेला, फारच पिवळा. तो मी घेतला नाही. मूळ बिल्ल्याची रिव्हेटची भोकं फ्रेमला आहेत, ती तशीच राहिलेली बरी.

घरी दोन्ही कप पान्याशिवाय शेवटच्या फेऱ्यापर्यंत आत गेले. आता तेलाच्या गियरकेसचं, म्हणजे चेन झाकणाऱ्या बंद पेटीचं, मागचं झाकण तेवढं हवंय. लुधियानाला गिल रोडवर एक-दोन जुनी दुकानं आहेत असं कळलंय. थंडी कमी झाली की निघतो.