वेंगुर्ल्यातला नवा बार आणि ग्लासातला बोंडू

वेंगुर्ल्यात कॉकटेल बार उघडलाय हे धाकट्या नणंदेनं फोनवर सांगितलं तेव्हाच ठरवून टाकलं की मे महिन्यात कुडाळला गेलो की तिथे जायचंच. गेलो होतो लग्नाला. लग्न छान झालं, पाहुणे, पंगती, उकाडा, सगळं नेहमीचं, त्यावर लिहीत बसत नाही. सगळे दुपारचे आडवे झाल्यावर आम्ही दोघी भाच्याला घेऊन गाडीतून निघालो. मठ गावावरून वेंगुर्ल्याचा रस्ता, दोन्ही बाजूला काजूची झाडं आणि उघड्या काचेतून येणारा पिकल्या बोंडूंचा, म्हणजे काजूबीच्या वरच्या रसाळ फळांचा, तो आंबूस गोड वास. या वासाबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आधी एक मनातलं सांगते. किनारपट्टीवर इतकी वर्षं फिरतेय, पण दोन बायकांनी आपल्या आपण कुठेतरी बसून शांतपणे एक ड्रिंक घ्यावं अशी जागा या पट्ट्यात मला मिळालेली नाही. परमिट रूमच्या दारात उभं राहिलं की वेटर आधी आपल्या मागे कोणी पुरुष आहे का ते बघतो, मग जिन्याकडे बोट दाखवून म्हणतो, फॅमिली वर. वर म्हणजे काय तर प्लायवूडचे कप्पे, मळके पडदे, एक ट्यूबलाईट, आणि पडद्याखालून सगळ्यांचे फक्त पाय दिसणार. एका गावात तर पडदा जरा बाजूला सारला म्हणून मॅनेजर येऊन परत ओढून गेला होता. मला याचा मनापासून राग येतो. पैसे आम्ही तेवढेच देतो, मग लपून का बसायचं?

म्हणून या नव्या जागेत शिरल्यावर जे पहिलं दिसलं त्यानंच मी खुश झाले. जुनं चिऱ्याचं घर, वर कौलं, मधली भिंत काढून एकच मोठी खोली केलेली, समोर फणसाच्या लाकडाचा पिवळाधमक लांब काउंटर आणि काउंटरमागे एक पंचविशी-तिशीतली मुलगी. पणजीच्या एका बारमध्ये काही वर्षं काम करून आलेली, वेंगुर्ल्याचीच. भाऊ हिशेब आणि किचन बघतो, आई मागच्या पडवीत. मुलगी म्हणाली, "बसा हो, तुमका काय व्हया?" आणि आम्ही सरळ काउंटरवर बसलो. मागे कोण आहे हे कोणी बघितलं नाही की वर जा म्हणून सांगितलं नाही.

भाच्याला मात्र तिनं वय विचारलं. 22 म्हटल्यावर सांगितलं की महाराष्ट्रात 25 पूर्ण झाल्याशिवाय दारू नाही, 21 ला बियर चालते पण गाडी तूच चालवणार ना, मग तीही नको. त्याला करवंदांचं सरबत दिलं. तो थोडा हिरमुसला, पण सरबत एवढं झकास होतं की त्यानं दुसरा ग्लास मागून घेतला.

आम्ही सुरुवात केली आगळाच्या जिनपासून. आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, खारवलेला रस. घट्ट लालभडक आगळ, त्यात जिन, वर सोडा, आणि ग्लासाच्या कडेला शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ लाल तिखटात मिसळून लावलेलं. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहातलं हेच ते शिरोडा, इथून गाडीनं जेमतेम अर्धा तास. कल्पना सुंदर आहे पण माझं मत स्पष्ट आहे, कडेचं मीठ जास्त होतं. आगळ करतानाच रातांब्याच्या सालीला मीठ घालून रस सोडवतात, म्हणजे ते मुळातच खारट, त्यात परत कडेला मीठ कशाला? दुसऱ्या वेळेला कडा कोरडी ठेवायला सांगितली तर तेच ड्रिंक एकदम मोकळं लागलं, आंबट, थंड, आणि शेवटी जिभेवर रातांब्याचा तो किंचित कडसरपणा.

मग तिरफळाचं. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, मसाला म्हणून घालतो तेच तिरफळ. त्यातली काळी बी काढून टाकायची, ती कडू, नुसतं टरफल जिनमध्ये काही तासच ठेवायचं आणि लगेच गाळायचं, रात्रभर राहिलं तर सगळं वाया असं ती म्हणाली. वर लिंबू आणि साखरेचा पाक. ओठ आणि जिभेचं टोक झिणझिणतं. नणंदेला फार आवडलं. मला नाही, पहिल्या घोटालाच डोळ्यासमोर बांगडा आला आणि तो जाईना.

सोलकढीचंही एक कॉकटेल आहे, नारळाच्या दुधात व्होडका. ते करू नका हो, प्लीज. सोलकढी जेवणानंतर भातावर घेण्याची किंवा वाटीनं पिण्याची गोष्ट आहे, तिच्यात लसूण आणि कोथिंबीर असते, तिला तिच्या जागी राहू द्या. हे मी त्या मुलीलाही तोंडावर सांगितलं आणि तिनं मान डोलावून, पर्यटक मागतात हो, म्हटलं.

आणि मग बोंडू.

माझं आजोळ मालवणकडचं. लहानपणी मे महिन्यात आम्ही पोरं बागेत बी गोळा करायला जायचो, बोंडू उचलायचा, पिळा देऊन बी काढायची, बी डब्यात आणि बोंडू ढिगाऱ्यावर. बीला पैसे, बोंडूला काही नाही. एखाददुसरा मीठ लावून खायचा, घसा खवखवला की आजी ओरडायची, कपड्यावर रस पडला की डाग जन्मात जायचा नाही. बाकी सगळे ढिगात कुजायचे, माश्या आणि वास. अजूनही तेच चालतं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जाती काढल्या, बी मोठी झाली, वेंगुर्ला काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सगळं कौतुक बीचं. तिकडे आरोंद्याचा पूल ओलांडला की गोवा, तिथे याच फळाची भट्टी लागते, पहिल्या धारेची हुर्राक आणि परत गाळली की फेणी, 2009 पासून गोव्याच्या काजू फेणीला जीआय आहे आणि मुंबई-पुण्याचे लोक ती प्यायला तिकडे मुद्दाम जातात. नदीच्या अलीकडे तेच फळ झाडाखाली सडतं. मला हे बघून वर्षानुवर्षं वाईट वाटत आलंय.

तर तिनं समोर दोन छोटे ग्लास ठेवले. "आदी हो नुसतो रस चाखा, मगे सांगा." पहिल्यातला रस गढूळ, पिवळट, घोट घेतला आणि घसा लगेच धरला, अगदी लहानपणीची खवखव. दुसऱ्यातला स्वच्छ, फिकट सोनेरी, आरपार दिसणारा, आणि त्यात खवखव नावालाही नाही, नुसता तो वास आणि गोडवा. मला खरंच वाटलं हे वेगळं फळ आहे. म्हटलं काय केलंस? तर म्हणाली, "आये पेज घालता."

आम्हाला तिनं मागच्या पडवीत नेऊन दाखवलं. आई सकाळी बोंडू पिळून रस काढते, त्यात उकड्या तांदळाची पातळ निवलेली पेज ओतते, ढवळते आणि ठेवून देते. बोंडवात टॅनिन असतं, घसा धरतो तो त्यानंच, ते पेजेतल्या पिठाला चिकटतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि हळूहळू तळाला बसतात. मोठ्या काचेच्या बरणीत ते चालू होतं, वर स्वच्छ रस चढत होता आणि खाली मळकट पांढरा थर जाड होत होता. मी वाकून किती वेळ बघत बसले कोणास ठाऊक. मग वरचा रस हलक्या हातानं सुती फडक्यातून गाळायचा आणि लगेच फ्रीजमध्ये, कारण या उन्हाळ्यात बोंडवाचा रस संध्याकाळपर्यंत फसफसायला लागतो. मुलगी म्हणाली पणजीच्या बारमध्ये हेच काम ती दुधानं करायची, गरम दुधात आंबट घालून फाडायचं आणि त्यातून ड्रिंक गाळायचं, इंग्रजांच्या जुन्या मिल्क पंचची पद्धत. घरी येऊन तिनं आईला सांगितलं तर आई म्हणाली, दूध कशाला फुकट घालवतेस, पेज आहे ना. आईच्या घरात पोरांना बोंडवाचा रस द्यायचा तर असाच द्यायचे.

त्या रसात तिनं पांढरी रम घातली, चार थेंब लिंबू आणि एकच मोठा बर्फाचा तुकडा. बाकी काही नाही, वर पान नाही, छत्री नाही. मी तो ग्लास फार हळू प्यायले. साडेचारशे रुपये. ज्या फळाला आयुष्यभर शून्य रुपये मिळताना बघितलं त्याचे साडेचारशे मी आनंदानं दिले आणि आईंना आत जाऊन सांगूनही आले. त्या फक्त "बरा लागला मां?" एवढंच बोलल्या आणि परत रातांबे फोडायला बसल्या.

सोबत तळलेले मुडदुसे मासे आणि सुक्या जवळ्याची किसमूर मागवली, दोन्ही उत्तम, किसमुरीत नारळ ताजा होता.

साडेआठनंतर मात्र मोठा ग्रुप आला, स्वतःचा स्पीकर घेऊन, आणि आल्या आल्या मोईतो आहे का, एलआयआयटी (लाँग आयलंड आइस्ड टी) आहे का. पुदिना आज नाही म्हटल्यावर, कसला बार आहे यार, असं मोठ्यानं. मुलगी शांतपणे आगळ, बोंडू समजावत होती आणि ते मोबाईलमध्ये बघत होते. मला फार लागलं ते. शेवटी नणंदच उठली, शाळेत शिकवते ती, तिनं त्याच आवाजात स्पीकर बंद करायला सांगितलं, आणि त्यांनी केला. नंतर त्यातल्या एका मुलीनं बोंडू मागवला आणि ग्लास टेबलभर फिरला.

जायचं असेल तर मे संपायच्या आत जा. ते रस गोठवून ठेवत नाहीत, बोंडू संपले की मेनूवरची ती ओळ पुसतात, पावसात बारही बराच काळ बंद असतो. शनिवार टाळा, सातच्या आधी पोचा, गाडी चालवणारा वेगळा न्या कारण रात्री कुडाळकडे परत यायला रिक्षा मिळत नाही. काउंटरवरच बसा. आणि आगळाच्या ग्लासाला मीठ लावू नको म्हणून आधीच सांगा.